वाचक विचारतात: पाण्यावर काम करायचंय, मग डिग्री कुठली घेऊ?

प्रश्न: माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीएमबी, ८२ टक्के. आम्ही लातूरचे, इथं सायन्स म्हटलं की नीट नाहीतर जेईई, तिसरं काही कोणी विचारतच नाही. ही म्हणते मला दोन्ही नको, मला पाण्यावर काम करायचंय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती तिसरीत होती, घागरींची रांग तिच्या डोक्यातून गेलेलीच नाही. आता तिनं इंटरडिसिप्लिनरी डिग्री शोधून काढलीय, चार वर्षांची, सायन्स पण आणि इकॉनॉमिक्स, सोशिऑलॉजी पण. तिचे बाबा म्हणतात, असल्या डिग्रीला ना सायन्सवाले विचारणार ना आर्ट्सवाले. फी पण वर्षाला काही लाख. काय करावं?
– एक आई, लातूर

उत्तर: ताई, पहिलं सांगते, तुमच्या लेकीकडे प्रश्न आहे. अठराव्या वर्षी बहुतेक मुलांकडे मार्क असतात पण प्रश्न नसतो, आणि या डिग्रीचं सगळं गणित त्यावरच आहे.

पाण्याचंच बघा ना. शिवारात बोअर घेतला, पूर्वी ३०० फुटांवर लागायचं आता ७०० ला गेलं तरी नुसता फुफाटा उडतो. का? आपल्याकडे खाली काळा पाषाण, बेसाल्ट, त्या अखंड दगडात पाणी मुरत नाही, वरच्या मुरमात आणि खालच्या भेगा-सांध्यांत तेवढं साठतं, म्हणून तर एकाच्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडे ठणठणाट. हे झालं जिऑलॉजी. पण त्याच शिवारात ऊस का उभा आहे? कारण उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, कारखाना उचलतो, आणि तुरीला हमीभाव जाहीर झाला तरी त्या भावानं खरेदी होईलच याची खात्री शेतकऱ्याला नसते, म्हणजे आलं इकॉनॉमिक्स. ज्याच्याकडे पैसा तो खोल जातो आणि शेजाऱ्याची विहीर आटते, तिथं जात, जमीन, भाऊबंदकी सगळं येतं. आणि कायदा म्हणाल तर २००९ चा भूजल कायदा आहे की, अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरच्या खाली विहीर-बोअर घ्यायला मनाई करणारा, म्हणजे जेमतेम २०० फूट. गावात बोअरची गाडी कुठवर जाते ते तुम्ही बघताच. यातला एकच धागा धरून बसलं तर बोअर का आटला ते अर्धंच कळतं, म्हणून तुमची मुलगी जे मागतेय ते मला शंभर टक्के पटतं.

पण बाबांची भीती पण खोटी नाही, आणि मी ती उडवून लावणार नाही. पाच विषयांची तोंडओळख करून देणारी आणि कशातच खोल न नेणारी डिग्री हातात पडली तर पोरीचं नुकसानच आहे. उलट, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबींचं उदाहरण घ्या. जन्म गोव्यातला, १९०७ चा, हार्वर्डमधून १९२९ ला पदवी, पुढे फर्ग्युसनला गणित शिकवलं. या माणसानं तक्षशिलेची जुनी नाणी तराजूत घालून एकेक वजन केली, कारण नाणं हातोहात फिरलं की झिजतं, जितकं जास्त फिरलं तितकं हलकं, मग वजनांवरून आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे संख्याशास्त्रानं काढता येतं. इतिहासाला त्यांनी असं गणित लावलं. १९४४ चा त्यांचा जनुकांमधल्या अंतराचा फॉर्म्युला तर जेनेटिक्सवाले आजही वापरतात. पण हे जमलं कशामुळं, तर गणित पक्कं होतं म्हणून. एक विषय हाडात मुरलेला असला की मग दुसऱ्याच्या अंगणात जाऊन काम करता येतं, नाहीतर नुसती ये-जा होते.

म्हणून कॉलेज कुठलंही असू द्या, माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस मागवा. पहिल्या वर्षाचा सगळीकडे छानच दिसतो. तिसऱ्या वर्षी एका विषयात किती खोल नेतात, लॅब आहे का, फील्डवर किती दिवस नेतात, निम्मे तरी क्रेडिट, म्हणजे अभ्यासाला मिळणारे गुणांक, एका विषयाचे होतात का, आणि डिग्रीवर बीएस्सी लिहून येणार की बीए, हे बघा. कारण यूपीएससी, एमपीएससी राज्यसेवेला कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते, तिथं काळजी नाही, पण उद्या तिला भूजल सर्वेक्षण खात्यात भूवैज्ञानिक व्हावंसं वाटलं तर तिथं जिऑलॉजीच मागणार. एमएस्सीच्या प्रवेशालाही बऱ्याच ठिकाणी ठरावीक विषय लागतो.

आता फीचं. घरावर कर्ज काढून महागडं खासगी विद्यापीठ घ्यावं असं मी अजिबात म्हणणार नाही. पुण्यात फ्लेम आणि सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स आहे, चांगलं शिकवतात पण खर्च मोठा. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते, तिथं अर्ज जरूर भरा. आयसर पुणे या केंद्राच्या विज्ञान संस्थेत आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, पाच वर्षांचं बीएस-एमएस, सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स सगळंच करावं लागतं. आणि मी तुमच्या जागी असते तर फर्ग्युसनचं बीएस्सी जिऑलॉजी आधी बघितलं असतं, कारण आता आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणामुळं साध्या कॉलेजातही मेजर, म्हणजे मुख्य विषय, जिऑलॉजी ठेवून बाकीच्यातले काही क्रेडिट दुसऱ्या शाखेतून घेता येतात, म्हणजे तिला हवं ते थोडक्या पैशात, आणि पुढे घराजवळच यायचं झालं तर नांदेडच्या विद्यापीठात अर्थ सायन्सेसचं स्कूल आहेच.

प्रश्न: मी नाशिकजवळच्या कॉलेजात एसवाय बीएला आहे, मेजर इकॉनॉमिक्स. ओपन इलेक्टिव्हला सगळे जण जे सोपं, जिथं मार्क मिळतात ते घेतात. मी पण तेच करू का? या मेजर, मायनर, ओईच्या कडबोळ्यातून खरंच काही मिळतं का?
– एक विद्यार्थी

उत्तर: तुझी चिडचिड समजते, बऱ्याच कॉलेजात ओई म्हणजे टाइमटेबलमध्ये जिथं जागा रिकामी तिथं कोंबलेला तास झालाय, आणि हे मला मनापासून खटकतं. महाराष्ट्राच्या शासन निर्णयात ओई मेजरच्या बाहेरच्याच फॅकल्टीतून घ्यायचं बंधन घातलंय ते उगाच नाही, आर्ट्सच्या मुलानं एकदा तरी सायन्सवाल्यासारखा विचार करून बघावा यासाठीच ते आहे.

तू राहतोस कुठं ते बघ. लासलगाव तुझ्या जिल्ह्यात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो, भाव पुढे चढेल म्हणून लोक थांबतात, पण तोवर कांदा वजनात घटतो, सडतो, पावसाळी हवेत कोंब फुटतात. तुझ्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात साठवणुकीचा खर्च म्हणून एक ओळ असेल, पण ती घट किती हे कळायला कांद्याचा श्वसनाचा वेग, ओलावा, चाळीतली हवा कळायला पाहिजे, ते बॉटनीवाले शिकवतात. ओई बॉटनीचं किंवा स्टॅटिस्टिक्सचं मिळत असेल तर घे, आणि फील्ड प्रोजेक्टला एखाद्या ओळखीच्या काकांच्या चाळीतली एक गोणी ठरवून दर आठवड्याला वजन कर, सडके कांदे वेगळे मोज आणि त्या दिवसाचा लासलगावचा भाव शेजारी लिही. पावसाळा संपेपर्यंत तुझ्याकडे असा एक तक्ता असेल की कधी विकलं असतं तर हातात किती आलं असतं हे त्या काकांना पण बघावंसं वाटेल. दोन-चार मार्क कमी पडले तरी चालतील रे, मुलाखतीत ओईचे मार्क कोण विचारतंय, हा तक्ता मात्र विचारतील.

प्रश्न: नव्या धोरणातल्या पदवीतून तीन वर्षांत बाहेर पडू की चौथं वर्ष करू?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: नोकरीची घाई असेल तर तीन, पदवी पूर्णच धरतात. संशोधनात जायचं असेल तर चौथं कर, पण ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे संशोधनासह चार वर्षांची पदवी, हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात हे आत्तापासून डोक्यात ठेव. चौथं केलंस तर पुढचं एमएस्सी एक वर्षाचं होऊ शकतं, आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशाला थेट बसता येतं. पहिल्या वर्षानंतरच सोडायचा विचार मात्र करू नकोस, तेव्हा मिळणाऱ्या सर्टिफिकेटसाठी आणखी ४ क्रेडिटचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते आणि त्याला बाजारात अजून फारसं वजन नाही. तुझे क्रेडिट डिजिलॉकरमधल्या एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यावर जमा झालेत का ते या आठवड्यातच बघून घे, नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज दे आणि पोच घे.