ऑइल पेंटिंगसाठी कॅनव्हास घरी ताणावा की रेडिमेड घ्यावा? जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, किती थर द्यायचे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "चित्र चांगलं असेल तर कॅनव्हास कुठलाही चालतो असं आमचे क्लासचे सर म्हणतात". त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले. नाही चालत. दोन फुटांच्या वरचं काही करणार असाल तर स्वतः ताणा, नाहीतर ज्याला येतं त्याच्याकडून समोर बसून ताणून घ्या.

मी कोल्हापूरची, बाबा सुतार. दारं, खिडक्या, देव्हारे करायचे आणि मी पेंटिंगला अॅडमिशन घेतल्यावर स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटी, करायला लागले, आधी माझ्यासाठी मग माझ्या वर्गातल्या पोरांसाठी. शेवटच्या वर्षाला आमच्या एका सरांना कोकणातल्या एका वाचनालयाचं काम मिळालं, संस्थापकांचं पोर्ट्रेट, चार बाय पाच फूट, आणि हाताखाली त्यांनी मला घेतलं. बाबा म्हणाले स्ट्रेचर मी करून देतो, घरात जुन्या वाड्याचं सागवान पडलंय, चांगलं वाळलेलं, मधे आडवी पट्टी टाकतो आणि चारी कोपऱ्यांत पाचरी ठेवतो. सर म्हणाले, "सुतारकामात कशाला वेळ घालवायचा, फ्रेमवाल्याकडून चौकट आणू आणि ठोकू. लोक चेहरा बघतात, लाकूड नाही." हे बाबांच्या समोर म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि निघून गेले. मला ते अजून जात नाही.

आता चौकट कशी होती ते ऐका, कारण बाजारात आजही बहुतेक अशीच मिळते. चार सपाट पट्ट्या, कोपरे गोंद लावून खिळ्यांनी पक्के केलेले, आतल्या कडेला उतार नाही, पाचरीला खाच नाही, मधे आधार नाही. उतार नसला की कापड पट्टीला चिकटून राहतं आणि काही दिवसांनी पट्टीच्या आतल्या कडेची रेघ चित्रावर उमटते. या चित्रात ती रेघ बरोबर संस्थापकांच्या खांद्यावरून गेलीय. पाच फुटांच्या पट्टीला मधे आधार नसेल तर कापडाच्या ओढीनेच ती आत वाकते. आणि कोपरे पक्के असतील तर कापड सैल पडल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही, पाचर असती तर मागून हलकेच ठोकून चौकट दोन-तीन मिलिमीटर उघडता येते आणि कापड परत ताठ होतं. पाचरीचं काम एवढंच पण तेच सगळ्यात मोठं.

कापड ताणलं तेही एका कोपऱ्यापासून सुरू करून गोल फिरत. असं केलं की धागा तिरका ओढला जातो आणि शेवटच्या कोपऱ्यात सुरकुत्या गोळा होतात. आधी गुण्या (सुताराचा काटकोन) लावून कोपरे बघायचे, दोन्ही कर्ण मापायचे, सारखे आले की मग कापडाचा उभा-आडवा धागा पट्टीला समांतर ठेवून चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन. समोरासमोर, लक्षात घ्या. मग मध्याकडून कोपऱ्याकडे, इकडे दोन तर समोर दोन, कोपरे सगळ्यात शेवटी. गन टॅकर चालतो, पण ओढायला कॅनव्हासचा रुंद चिमटा घ्या, बोटांनी मोठा कॅनव्हास नीट ओढला जात नाही. टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला हवा, पण कोरं कॉटन असेल तर पहिल्यांदाच फार आवळू नका, पाण्यातला प्रायमर (जेसोसारखं अस्तर) वाळताना ते आणखी आवळतं. मांजरपाट वापरणार असाल तर आधी धुवून खळ काढा आणि इस्त्री करा.

वाचनालयाच्या चित्राला प्रायमर म्हणून भिंतीचा पांढरा रंग लावला होता, एक हात. खाली साइझिंग, म्हणजे तेल कापडात उतरू नये म्हणून द्यायचा गोंदाचा थर, काहीच नाही. ऑइल रंगातलं लिन्सीड ऑइल (जवसाचं तेल) कापडात उतरलं की काही वर्षांत धागा पिवळा, कडक आणि मग ठिसूळ होतो, कारण तेल वाळताना त्यात आम्ल तयार होतं आणि ते कापसाचा धागा खातं. फेट्याला सरांनी झिंक व्हाइट थापला होता आणि झिंकची फिल्म तशीही वर्षं गेली की ठिसूळ होते. चेहरा मात्र अप्रतिम होता, हे मी कुठेही सांगेन. सरांसारखा हात मी पाहिलेला नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

पहिल्याच पावसाळ्यात खालचा भाग लोंबला. पुढे फेट्याला तडे गेले आणि खालच्या कडेचा रंग पोपडे धरून सुटायला लागला. वाचनालयवाले ओळखीने माझ्याकडे आले, मी बाबांना घेऊन गेले. बाबांनी चित्र उलटं करून मागची बाजू बघितली आणि हात लावायला नकार दिला, म्हणाले आता ओढलं तर उरलेला रंगही खाली येईल. बरोबरच होतं त्यांचं. तडे गेलेलं ऑइल घरी परत ताणायचं नसतं, ते कॉन्झर्वेटरचं, म्हणजे जुनी चित्रं जतन-दुरुस्त करणाऱ्याचं काम, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याचा वेगळा विभाग आहे, तिथे विचारा म्हणून मी सांगून आले.

सरांना कळवलं तर म्हणाले, "कोकणातल्या हवेला कोण काय करणार." त्याच हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर माझं एक लँडस्केप आहे, बाबांच्या स्ट्रेचरवर, पाऊस संपला की तिथला शिपाई आम्ही दाखवल्याप्रमाणे पाचरी हलकेच ठोकतो आणि ते आजही ताठ आहे. हवा दोघांना एकच. आणि मुळात कॅनव्हास मोठ्या प्रमाणावर वापरात आला तोच व्हेनिससारख्या पाण्यातल्या शहरात, तिथल्या ओलीत भिंतीवरची चित्रं टिकत नव्हती आणि जहाजांच्या शिडांचं कापड भरपूर मिळत होतं म्हणून.

सुतारकाम हलकं म्हणणाऱ्यांनी निदान कोल्हापुरात तरी तसं म्हणू नये. इथले चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचं आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवत ते पुढे आले, सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथेच स्वतः तयार केला. त्या माणसाला लाकूड, धातू आणि रंग वेगवेगळे वाटले नाहीत.

जेसोचं विचारलंय ते. अॅक्रिलिक जेसो असेल तर ऑइलसाठी तीन थर, पहिला थोडं पाणी घालून पातळ, प्रत्येक थर आधीच्याला आडवा, मधे वाळू देऊन बारीक पॉलिश पेपर. शेवटच्या थरानंतर निदान तीन दिवस थांबा, पावसाळ्यात जास्त. जेसोखाली साइझिंग करायचं तर आर्टिस्ट दर्जाचा न्यूट्रल (आम्ल नसलेला) पीव्हीए गोंद घ्या, सुताराचा पांढरा गोंद नको (बाबा सुतार असूनही हे सांगतेय). जुन्या पुस्तकांतला सरस कोरड्या हवेत ठीक, पण तो ओल ओढतो, पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि वरचा रंग त्याच्याबरोबर हलतो, शिवाय बुरशीला खाद्य. कॉलेजात शिकवतात तो सरस, झिंक पावडर आणि लिन्सीडचा घोटाही मी बंद केलाय.

लहान अभ्यासाची चित्रं, बारा बाय सोळा इंच वगैरे, रेडिमेडवर खुशाल करा, एवढ्या मापात फारसं काही बिघडत नाही. प्लायवर जेसो लावूनही छान होतं. लिनन परवडत असेल तर कॉटनपेक्षा चांगलं, पण शिकताना पैसे घालवू नका. चित्र ओल्या भिंतीला टेकवून लावू नका, मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहते. आणि मोठ्या मापात रेडिमेड घ्यायचाच असेल तर दुकानात तो उलटा करून बघा, कोपऱ्यात पाचरीला खाच नसेल तर परत ठेवा.