सांकेतिक लिपी अभ्यासायला घेताना

सांकेतिक लिपी आणि गुप्त बोली यांचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे आपण विचारले आहे. आपण पैठणचे, आणि महानुभाव पंथाचा त्या गावाशी जुना संबंध; म्हणून त्या पंथाच्या पोथ्यांतील सकळ लिपीपासूनच आरंभ करावा, असे मी सुचवेन. तिच्यात भाषा मराठीच असते, बदलते ते केवळ अक्षर: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहिले जाते, आणि किल्ली हाती येताच पोथी सरळ मराठीत वाचता येते. ती किल्ली इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी शोधली. अशा मजकुरात प्रथम कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजा, कारण अक्षर बदलले तरी त्याची वारंवारता बदलत नाही.

मुलांची च-ची भाषा मात्र निराळी आहे. 'पाणी दे' याचे 'चाणीप चेद' होते. म्हणजे येथे लिपी नव्हे, उच्चाराची मांडणी फिरते, आणि ती कानानेच उलगडावी लागते. व्यापाऱ्यांच्या धंद्यातील गुप्त बोलीत याहून वेगळे घडते: व्याकरण मराठीच राहते, पण नेमके मोक्याचे शब्द, विशेषतः आकडे, बदललेले असतात. त्या बोलीवर वारंवारतेचा हिशेब फारसा चालत नाही. जाणकाराजवळ बसूनच ती शिकावी लागते. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून ठरणारा भाव तर उच्चारलाही जात नाही.

मोडीला कृपया गुप्त लिपी म्हणू नका. ती भरभर लिहिण्यासाठी होती. आज ती वाचता येणारे थोडे उरले, एवढेच.