काफ्का: क्रमाची हमी नेमकी कुठवर?

‘काफ्का क्रम पाळतं म्हणे, मग आमचे मेसेज मागेपुढे कसे?’ दर महिन्याला निम्म्या पत्रांत हेच. म्हणून पुन्हा एकदा. (काफ्का म्हणजे एका सिस्टिमकडून दुसरीकडे मेसेज पोचवणारी यंत्रणा; पाठवणारा तो प्रोड्युसर, वाचणारा तो कन्झ्युमर.)

एका टॉपिकमधले मेसेज पाठवलेल्या क्रमानेच वाचले जातात ना?
नाही. टॉपिक, म्हणजे एका विषयाचे मेसेज, पार्टिशन नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो. क्रम फक्त एका पार्टिशनच्या आत.

आम्ही मेसेजला की देत नाही. चालेल?
क्रम नको असेल तर खुशाल. की म्हणजे मेसेजची ओळखखूण, उदाहरणार्थ ऑर्डर नंबर; तिच्यावरूनच पार्टिशन ठरतं.

रिट्रायमुळे (फसलेला मेसेज पुन्हा पाठवल्यामुळे) क्रम बिघडतो, म्हणून इन-फ्लाइट (पोच यायच्या बाकी असलेल्या) रिक्वेस्ट १ वर ठेवा, असं सीनियर सांगतात.
ऐकीव आणि जुनं. प्रोड्युसरचं आयडेम्पोटन्स (पुन्हा पाठवलेला मेसेज दुबार नोंदू न देणारी सोय) चालू असेल तर ५ रिक्वेस्टपर्यंत क्रम टिकतो. नव्या आवृत्त्यांत ते मुळातच चालू असतं. पण कुणी ॲक्स (किती सर्व्हरकडून पोच हवी ती सेटिंग) १ करून ठेवलं असेल तर गुपचूप बंद पडतं. कॉन्फिग प्लॅटफॉर्म टीमला दाखवा.

लोड वाढलाय. उद्या पार्टिशन ४ वरून ६ करतोय. काही धोका?
उद्या? थांबा! पार्टिशन ठरतं ते कीच्या हॅशला (कीवरून काढलेल्या ठरावीक आकड्याला) पार्टिशनच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवरून. समजा एका ऑर्डरचा हॅश १० आहे. ४ ने भागलं तर बाकी २, ६ ने भागलं तर ४. ‘ऑर्डर नोंदवली’ हा मेसेज २ नंबरच्या पार्टिशनमध्ये तुंबून पडलाय, आणि ‘ऑर्डर रद्द’ रिकाम्या ४ नंबरमध्ये पडून लगेच वाचला जातो. म्हणजे जी ऑर्डर सिस्टिमला माहीतच नाही, ती आधी रद्द होते आणि मग नोंदली जाते. माल घरपोच! हे मी एका ग्राहकाकडे डोळ्यांनी पाहिलंय. चार दिवस सगळे नेटवर्कला शिव्या घालत होते. शिवाय वाढवलेली पार्टिशन कमी करता येत नाहीत. एक तर प्रोड्युसर थांबवून जुना साठा पूर्ण वाचून घ्या, नाहीतर नवं टॉपिक काढा. कन्झ्युमरमध्ये कीनुसार स्टेट (आधीच्या मेसेजवरून जमवलेली माहिती) साठवत असाल तर नुसता साठा उपसून भागणार नाही. जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

विक्रेता ‘एक्झॅक्टली वन्स’ देतो. त्यात क्रम आलाच ना?
एकदाच येणं वेगळं, ओळीने येणं वेगळं. माहितीपत्रकात मुद्दाम सरमिसळ करतात. सही करण्याआधी लेखी मागा.

कन्झ्युमरमध्ये थ्रेड पूल (एकाच वेळी काम करणारे अनेक थ्रेड) लावला, तेव्हापासून गोंधळ आहे.
होणारच. एका कीचं काम एकाच थ्रेडकडे द्या.

फ्लिंकमध्ये (येणाऱ्या डेटावर चालता चालता हिशेब करणाऱ्या यंत्रणेत) मोबाइलवरून उशिरा आलेले इव्हेंट गायब होतात.
वॉटरमार्क (‘इथपर्यंतच्या वेळेचे इव्हेंट आले’ अशी खूण) विंडोच्या, म्हणजे हिशेबाच्या ठरावीक कालखंडाच्या, पुढे गेला की ते टाकून दिले जातात. त्यांना साइड आउटपुट या वेगळ्या वाटेकडे वळवा. किती वेळ वाट पाहायची ते मात्र मला नको, हिशेब बघणाऱ्यांना विचारा.