दोन वह्या ठेव म्हणते ते ऐक

तुझी साडेसहा मिनिटांची व्हीआरची, म्हणजे आपण आत उभं राहिल्यासारखं बघायची, फाइल काल रात्री दोनदा बघितली, एकदा हेडसेट घालून आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐकली. सोबतचा तो लांबलचक मेसेज पण वाचला. थ्रीडी बनवायला युनिटी शिकू की अनरियल, म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, मी कथा लिहिणारा आहे का पत्रकार, एआय वापरलं तर चालतं का, मी मागे पडतोय का, सगळं एका दमात विचारलंयस. पहिल्याचं उत्तर देऊन मोकळी होते: कुठलंही एक घे आणि सहा महिने बदलू नकोस. बाकी सगळ्याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, दोन वह्या ठेव.

फोनमधल्या नोट्स असल्या तरी चालतील, पण वेगवेगळ्या हव्यात. एकीत घडलेलं, दुसरीत रचलेलं. कोण काय म्हणालं, कधी, तू स्वतः ऐकलंस का दुसऱ्याकडून कळलं, हे पहिलीत. दाराचा आवाज कुठून आणला, खोली जास्त अंधारी का केली, थ्रीडी मॉडेलमध्ये भिंतीवर घड्याळ कुणी टांगलं, हे दुसरीत. रोज लिही, प्रोजेक्ट संपल्यावर नाही, तेव्हा आपल्यालाच आठवत नाही कुठलं काय होतं ते, आणि जे आठवत नाही ते आपण बिनधास्त खरं धरून चालतो.

हे मी कुठून शिकले ते सांगते. फ्लॅशचे दिवस होते, वेबवर हलणारं, क्लिक करून बघायचं बरंचसं त्यातच बनायचं. एका बाईंना एका रात्रीत घर सोडावं लागलं होतं, त्यावर इंटरॲक्टिव्ह करत होतो. त्यांची मुलाखत होती, घराचे फोटो होते, पण रात्रीचा आवाज कुणाकडेच नव्हता, म्हणून मी साउंड लायब्ररीतून पाऊस टाकला. असा बसला म्हणून सांगू! बाईंनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, छान झालंय, पण त्या रात्री पाऊस नव्हता, चांगलं टिपूर चांदणं होतं, आजूबाजूचे सगळे दारात उभे राहून बघत होते. कळलं का काय झालं ते? गोष्ट त्या दारात उभ्या असलेल्या माणसांची होती आणि मी पाऊस पाडून सगळ्यांना घरात पाठवून दिलं.

आता मी काही खोटारडी नव्हते हं. डेडलाइन डोक्यावर होती, सगळेच लायब्ररीतले आवाज वापरायचे, आणि पावसाशिवाय तो सीन सपाटच होता, आजही माझं तेच मत आहे. पाऊस लायब्ररीतला आहे अशी खाली एक ओळ टाकू, टाकू म्हणत राहिले. मग ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशला राम राम केला, पुढच्या महिन्यात ते चालायचंच बंद झालं. लोक हळहळले, मला आधी हायसंच वाटलं. नंतर लक्षात आलं, आता ती एक ओळ टाकायलाही जागा उरली नाही, सोर्स फाइलसुद्धा नाही माझ्याकडे.

तू म्हणशील सुरुवातीला पाटी लावली की झालं. नाही होत. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळावरच्या स्वारीचं नाटक रेडिओवर बातम्यांच्या थाटात केलं, तेव्हा हे नाटक आहे असं आरंभी सांगितलंच होतं की, पण उशिरा रेडिओ लावणाऱ्याला ते कुठून कळणार. (देशभर हाहाकार उडाला वगैरे वर्तमानपत्रांनी फुगवलेलं, पण काही लोक खरंच घाबरले होते.) आणि तुझा प्रेक्षक तर कायम मधूनच येतो, कुणीतरी कापलेला तीस सेकंदांचा तुकडा बघून.

याउलट व्हीआरमध्ये पत्रकारिता करणाऱ्या नॉनी दे ला पेन्याचं काम वाच, जमलं तर बघ. २०१२ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात तिने लॉस एंजेलिसमधल्या मोफत अन्नवाटपाची रांग व्हीआरमध्ये उभी केली, रांगेतला मधुमेही माणूस कोसळतो. आवाज प्रत्यक्ष रांगेत रेकॉर्ड केलेला, माणसं मात्र कॉम्प्युटरवर बनवलेली, आणि ती बनवलेली आहेत हे कुणालाही दिसतं. तरी लोक खाली वाकून त्याला मदत करायला गेले! म्हणजे खरं आणि बनवलेलं जिथे जोडलंय ती शिवण दिसली की परिणाम कमी होतो ही भीती तू आधी डोक्यातून काढ.

फोटोग्रामेट्री करतोयस ना, म्हणजे फोटोंवरून जागेचं थ्रीडी मॉडेल, कॅमेरा जिथे पोचला नाही तिथे मॉडेलला भोक पडतं. बुजवू नकोस, राहू दे. तिथे आपण नव्हतो एवढंच ते सांगतं. आणि प्रत्येक जागेची निदान एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून आण, म्हणजे माझ्यासारखा पाऊस शोधत फिरावं लागणार नाही.

गोष्टीला फाटे फोडायची तुला फार हौस दिसते. ट्वाइनमध्ये खुशाल फोड, अशा वाटा फुटणाऱ्या गोष्टी लिहायचंच ते सॉफ्टवेअर, फुकट आहे, पण दहा ठिकाणी दोन-दोन वाटा दिल्यास की १०२४ शेवट होतात, म्हणून वाटा परत एकत्र आणायला शीक, तीच खरी कारागिरी आहे. हे झालं रचलेल्याचं. घडलेल्या गोष्टीत प्रेक्षकाला क्रम निवडू दे, आधी आईचं ऐकायचं का मुलाचं. शेवट निवडू देऊ नकोस, तो होऊन गेलाय. आणि कथा का बातमी हे आत्ता ठरवायची गरजच नाहीये, दोन्ही कर, फक्त कुठली ओळ कुठल्या वहीतली हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. वह्या, वह्या, वह्या. कंटाळलास तरी मी थांबणार नाहीये.

मागे पडायचं म्हणशील तर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दहा लाखांवर गूगलचे पुठ्ठ्याचे व्हीआर चष्मे घरोघरी पाठवले होते, तेव्हा आम्हालाही असंच मागे पडल्यासारखं झालेलं, धावत जाऊन शिकलो. २०२१ ला गूगलने ते विकणंच बंद केलं.

बाकी काम चांगलं आहे, उगीच म्हणत नाहीये. जिन्याचा शॉट मला जमला नसता. पण चौथ्या मिनिटाला आजोबा म्हणतात ना, “आता मी परत जाणार नाही,” तिथे त्यांचा आवाज थोडा बदलतो, खोकला जातो, श्वास एकसारखा येतो. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. ते वाक्य कुठल्या वहीतलं आहे?