सोलापूरचा आहे, वय 21. फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या ल माँसारख्या शर्यतीत ड्रायव्हर व्हायला उशीर झाला का?

फॉर्म्युला वनसाठी म्हणशील तर झाला. तिथली पोरं सात-आठ वर्षांची असताना कार्टमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाडीत, बसतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींचं तसं नाही. डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेन्सनला 1997 मध्ये ल माँचं ऐनवेळी बोलावणं आलं, तेव्हा तो 29 वर्षांचा होता. पहिल्याच फटक्यात जिंकला आणि पुढे एकूण नऊ वेळा जिंकला. अर्थात त्याआधी तो बरीच वर्षं इतर शर्यतींत घासत होता.

मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर शिकलो, दोन शर्यती केल्या, पैसे संपले, परत आलो. आता अक्कलकोट रोडला गॅरेज आहे. होटगी रोडला रात्री 140 ने मारतोस असं लिहिलंयस, ते तिकडे कुणाला सांगू नकोस. हसतील.

कारण चोवीस तास गाडी एकट्याची नसते. 2010 मध्ये जिंकलेली ऑडी 5410 किलोमीटर पळाली, म्हणजे सोलापूर-पुणे दहा वेळा जाऊन-येऊन वर उरेल एवढी. तिघांनी मिळून. कुणालाही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास चालवता येत नाही. आम्ही मित्रांनी एकदा कार्टची चार तासांची रेस केली. जोडीदार सहा फुटी, मी पाच-चार. बदलीच्या वेळी घाईत पाठीमागची उशी न घेताच बसलो आणि वीस मिनिटं बोटांच्या टोकांनी ब्रेक दाबत राहिलो. सगळ्यात वेगवान लॅप माझाच होता, पण आम्ही शेवटून दुसरे आलो. आपल्या फॉर्म्युला वनवाल्या नारायण कार्तिकेयनचा तर 2009 मध्ये ल माँला पिटची (गाड्या थांबतात त्या जागेची) भिंत ओलांडताना खांदा निखळला, शर्यत हुकली. आपलाच करुण चंढोक 2012 मध्ये तिथे पळाला, त्याची गाडी सहावी आली.

आता पैसा. ड्रायव्हरांचे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ असे दर्जे असतात. 2024 पासून लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेत एलएमजीटी3 या स्पोर्ट्स गाड्यांच्या गटात प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ लागतोच. ब्रॉन्झ म्हणजे हौशी, बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून खर्च उचलणारा धनाढ्य माणूस. (घरी दहा-वीस माग असले म्हणून तो खर्च झेपत नाही.) तुझ्यासारख्याची वाट त्याच्या शेजारची: त्याला शिकवेल, त्याने घालवलेला वेळ भरून काढेल आणि गाडी धड परत आणेल असा ड्रायव्हर व्हायचं.

आधी कोइम्बतूर किंवा चेन्नईला तीन दिवसांचा कोर्स कर, एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं, लायसन्स काढ. घरच्यांशी पैशाचं बोललायस का, ते मात्र तू लिहिलेलं नाहीस.