शंका-समाधान : संत योसेफांचे पितृत्व

प्रश्न : सणाच्या प्रवचनांत संत योसेफांच्या मौनाचे कौतुक नेहमी ऐकायला मिळते. मीही अबोल स्वभावाचा आहे. नोकरीमुळे वर्षातील बराच काळ घराबाहेर असतो, पैसे वेळेवर पाठवतो आणि घरी आलो की मुलांच्या बाबतीत लुडबुड करत नाही. थोरला मुलगा तेरा वर्षांचा आहे. तो माझ्याशी जेमतेम बोलतो. पत्नीचे म्हणणे असे की, हे मौन संत योसेफांचे नव्हे. ख्रिस्ती पित्याने त्यांच्याकडून व्यवहारात नेमके काय घ्यावे? — एक वाचक, वसई

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे मला पटते. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांत, मरियेचे पती आणि येशूचे पालक पिता संत योसेफ यांच्या तोंडचे एकही वाक्य नाही हे खरे. परंतु वाक्य नोंदलेले नसणे वेगळे आणि बापाने घरात गप्प बसणे वेगळे. बाळाचे नाव येशू ठेवण्याची आज्ञा देवदूताने स्वप्नात योसेफांना केली आणि त्यांनी ते ठेवले, असे संत मत्तय स्पष्ट सांगतात. नाव ठेवायचे तर तोंड उघडावेच लागते. आपण प्रवचनकारांनी या मौनाला इतके सोवळे करून ठेवले आहे की, घरातील जबाबदारी टाळणाऱ्यालाही त्याचा आडोसा घेता येतो.

शुभवर्तमानात दिसतात ते त्यांचे निर्णय. पहिला निर्णय स्वप्नाच्याही आधीचा आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाङ्‌निश्चय झालेली मरिया गरोदर असल्याचे कळल्यावर तिला चारचौघांत दोषी ठरवण्याची वाट योसेफांना मोकळी होती. तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्यांनी गुपचूप सोडचिठ्ठी देण्याचे मनात योजले. म्हणजे देवदूत येण्यापूर्वीच, स्वतः दुखावलेले असताना, या माणसाने दुसऱ्याच्या अब्रूचा विचार केला होता. घरातील माणसावर राग आलेला असतानाही त्याचे वाभाडे न काढणे, एवढे जरी आपण पित्यांनी साधले तरी पुष्कळ झाले.

पुढे हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला तेव्हा ते रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशात (इजिप्तमध्ये) गेले. परतीच्या वाटेवर यहूदियात हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करत असल्याचे त्यांना कळले आणि तिकडे जायला ते घाबरले. त्यानंतर स्वप्नात सूचना मिळाली आणि त्यांनी गालीलातील नासरेथ गाठले. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. देवाने मार्ग दाखवला, परंतु त्याआधी योसेफांनी परिस्थितीची माहिती घेतली होती, आणि भीती वाटली तेव्हा शौर्याचा आव न आणता त्यांनी कुटुंबाची वाट बदलली. पोप फ्रान्सिस यांनी 8 डिसेंबर 2020 रोजीच्या आपल्या पत्रात याच गुणाला सर्जनशील धैर्य म्हटले आहे.

आता आपल्या मुलाविषयी. येशू बारा वर्षांचा असताना यहुद्यांच्या वल्हांडण सणानंतर यरुशलेमेत मागे राहिला, आणि तिसऱ्या दिवशी आईवडिलांना मंदिरात सापडला, हा प्रसंग संत लूक यांनी दिला आहे. तेथे मरिया बोलते, योसेफ नाहीत; परंतु ती एकटीच्या दुःखाविषयी बोलत नाही. तुझा पिता आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो, असे ती मुलाला सुनावते. योसेफांची काळजी त्यांच्या पत्नीला ठाऊक होती, आणि तिच्या तोंडून ती मुलालाही कळली. आपली काळजी आपल्या मुलाला कोणत्या मार्गाने कळते? दरमहा बँकेत जमा होणाऱ्या रकमेतून तेरा वर्षांच्या मुलाला ती वाचता येईल, अशी अपेक्षा करू नये. त्या प्रसंगात मुलाने दिलेले उत्तरही बापाला सोपे नव्हते. ज्याला नुकतेच ‘तुझा पिता’ म्हटले गेले, त्याच्यासमोर येशूने आपल्या स्वर्गीय पित्याविषयी सांगितले, आणि ते बोलणे दोघांनाही उमगले नाही, असे लूक प्रांजळपणे नोंदवतात. तरीही मुलाला घेऊन ते नासरेथला परतले आणि तो त्यांच्या आज्ञेत राहिला. मूल पूर्ण समजले नाही तरी त्याच्यासोबत घरी चालत जाणे हे पित्याचे काम आहे.

त्या घरी पुढे काय घडले असेल, याचा माग एका शब्दात लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला सुताराचा पुत्र म्हणतात, तर मार्काच्या शुभवर्तमानात ते त्यालाच सुतार म्हणतात. मुलाला नियमशास्त्र (मोशेचे धर्मनियम) शिकवणे आणि एखादा धंदा शिकवणे ही यहुदी परंपरेत बापाची कर्तव्ये मानली जात, आणि धंदा हाताखाली घेतल्याशिवाय शिकवता येत नाही. आपला धंदा मुलाने उचलावा असे मी सुचवत नाही. परंतु सुट्टीवर याल तेव्हा घरातील एखादे रखडलेले काम त्याला बरोबर घेऊन करावे. अबोल माणसाला समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा काम करता करता बोलणे सोपे जाते.

प्रश्न : आम्ही मूल दत्तक घेतले आहे. संत योसेफांना ‘पालक पिता’ म्हणतात, तेव्हा ते खऱ्या पित्यापेक्षा कमी, असा अर्थ होतो का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1989 मध्ये संत योसेफांवर लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, त्यांचे पितृत्व जन्म देण्यातून आलेले नसले तरी ते दिखाऊ किंवा केवळ बदली पितृत्वही नव्हे. मत्तयाची वंशावळ येशूला दावीदाच्या घराण्याशी जोडते ती योसेफांमार्फतच, आणि लूकही मंदिरातील समर्पणाच्या वेळी त्यांना निःसंकोच येशूचा पिता म्हणतात. त्या दिवशी या कुटुंबाने केलेले अर्पण होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिले एवढेच होते. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी नियमशास्त्राने दिलेली ती सवलत होती. ऐपतीबाहेरचा थाट न करता धर्मकर्तव्य पार पाडणे, हाही त्यांचा गुण ध्यानात ठेवावा, विशेषतः आपल्याकडील बाप्तिस्म्याच्या मेजवान्या पाहता.

प्रश्न : त्यांचे सण दोन का? — एक वाचक, मुंबई

उत्तर : 19 मार्च हा मुख्य सण असून तो मरियेचे पती म्हणून आहे, तो उपवासकाळातील (ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील) रविवारी आला तर सोमवारी साजरा होतो, जसा 2023 मध्ये झाला. 1 मे रोजी कामगार संत योसेफ यांचा सण पोप बारावे पायस यांनी 1955 मध्ये, कामगार दिनाच्या तारखेला, सुरू केला. महाराष्ट्र दिन 1960 नंतरचा, त्यामुळे त्या सुट्टीचा आणि या सणाचा संबंध केवळ योगायोगाचा आहे; तरी कामावर जाणाऱ्यांना त्या सकाळी मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) येता येते, ही सोय मात्र वाया घालवू नये.