जखऱ्याच्या कमरेला दोरी होती का?

प्रश्न : आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात माझा मुलगा जखऱ्या झालाय. बसवणारे सर म्हणतात त्याच्या कमरेला दोरी बांधायची, कारण याजक देवासमोर मेला तर बाहेरून ओढून काढायचे. हे खरंय का? आणि तो आत नक्की करत काय होता?
– एक आई, श्रीरामपूर

उत्तर : ताई, दोरी सोडा आधी. बायबलमध्ये ती कुठेच नाही, यरुशलेमच्या मंदिराच्या कामकाजाचं बारीकसारीक वर्णन करणाऱ्या मिश्नातही, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहातही, नाही. ही गोष्ट मध्ययुगातल्या यहुदी लिखाणात येते, म्हणजे इ.स. 70 मध्ये मंदिर पडलं त्यानंतर हजारेक वर्षांनी, आणि तिथून ती प्रवचनांमध्ये शिरली ती शिरलीच. आणि ती मुख्य याजकाची गोष्ट. तो वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, जायचा, तेही त्या एका दिवसात बऱ्याचदा आतबाहेर करत. मिश्ना सांगते की तिथे दोन पडदे होते, मधे हातभर जागा, एका टोकाने शिरायचं आणि चालत जाऊन दुसऱ्या टोकाने आत निघायचं, आता त्या वळणातून दोरीने माणूस ओढून बघा! घुंगरांचा आवाज थांबला की याजक मेला समजायचं असंही सांगतात, त्याचंही तेच, घुंगरं निळ्या झग्याला असायची आणि परमपवित्रस्थानात जाताना अंगावर साधी पांढरी तागाची वस्त्रं. (आपल्या कोकणातले बेने इस्रायली यहुदी हा प्रायश्चित्ताचा दिवस घराची दारं लावून पाळायचे, सणाचं नावसुद्धा त्या दारांवरनंच पडलेलं.)

जखऱ्या, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप, मुख्य याजक नव्हताच, साधा याजक. याजकांचे 24 वर्ग, प्रत्येकाची पाळी वर्षातून दोनदा, एकेक आठवडा, सणांची गर्दी वेगळी. त्याचा वर्ग अबीयाचा, आठवा. माणसं भरपूर आणि कामं मोजकी, म्हणून वाटणी नशिबावर. आधी वेदीवरची राख काढायला याजक वेदीच्या चढावरून चक्क पळत सुटायचे, एकदा ढकलाढकलीत एकाचा पाय मोडला तेव्हापासून हा नियम आला. बायबलमध्ये आपण चिठ्ठ्या वाचतो, पण मिश्नाप्रमाणे सगळे गोल उभे राहून बोटं पुढे करायचे आणि प्रमुख मोजत जायचा, पोरं राज्य कोणावर ते ठरवतात ना, साधारण तसंच. धूपाच्या वेळी तर हाक असायची की ज्यांनी कधीच धूप जाळला नाही त्यांनीच या. म्हणजे म्हाताऱ्या जखऱ्याचा नंबर लागला तो बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला त्या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त हलवतं.

आत म्हणजे पवित्रस्थानात, पडद्याच्या अलीकडे, सोन्याची धूपवेदी. एक जण निखारे पसरून दंडवत घालून निघून जायचा. मग नवख्याला बजावायचे की बाबा, धूप स्वतःच्या बाजूने टाकायला सुरुवात करू नकोस, भाजशील. म्हणजे पलीकडून टाकत यायचं. मग सगळे मागे सरायचे आणि तो एकटा, धूर, दिवे, बाहेर लोक प्रार्थना करतायत. तेवढ्यात, लूकच्या शुभवर्तमानात म्हटलंय, वेदीच्या उजव्या बाजूला गब्रीएल देवदूत उभा.

उशीर झाला की बाहेर लोकांचा जीव खालीवर होणारच. मुख्य याजकसुद्धा प्रायश्चित्ताच्या दिवशी बाहेर येताना प्रार्थना आटोपशीर ठेवायचा, लोक घाबरू नयेत म्हणून. आणि धूपानंतर याजकांनी पायऱ्यांवर उभं राहून आशीर्वाद म्हणायचा असायचा. जखऱ्या बाहेर आला, देवदूताच्या बोलण्यावर विश्वास न ठेवल्यामुळे मुका झालेला, तोंडातून शब्द नाही, नुसत्या खुणा. नाटकात हाच क्षण लांबवा, त्याला पायऱ्यांवर उभा करा आणि बाकीच्यांना वाट बघत ठेवा.

ड्रेसचं म्हणाल तर पांढरा तागाचा अंगरखा, कमरबंद, डोक्याला फेटा, आणि पाय अनवाणी.